मुंबईचा पगार आणि गावची चूल



मी काही मोठा वक्ता नव्हे. चार यत्ता शिकलो, बाकीचं साच्यावर शिकलो. म्हणून आज फक्त हिशेब मांडणार आहे.

१८५६ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली. त्यानंतर रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं पोटासाठी मुंबईस आली. गावच्या मजुरीपेक्षा गिरणीच्या पगाराचा आकडा मोठा. तो खोटा नव्हता. पण मंडळी, पगार निराळा आणि शिल्लक निराळी!

काम मिळायलाच आधी जॉबरची दस्तुरी. लाचेची ही गोष्ट १९३१ सालच्या सरकारी कमिशननंही लिहून ठेवली आहे. मग बदलीची नोकरी. सकाळी गेटवर उभं राहायचं. नाव पुकारलं तर रोज मिळाला, नाही तर परत खोलीवर. गिरणीनं खाडा धरला म्हणून खाणावळवाली थोडीच जेवण फुकट घालणार? त्यात एका महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या मध्याला. नवा माणूस दीड महिना खाणार काय? वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज! पहिला पगार हातात पडायच्या आधीच खर्ची पडलेला. १९३६ च्या कायद्यानं सात दिवसांत, आणि हजार किंवा जास्त कामगारांच्या गिरणीत दहा दिवसांत पगार द्यायचं बंधन आलं, तेव्हा कुठं ही फास जरा सैल झाली.

आणि चुली दोन. एक मुंबईस, एक गावी. खोलीचं भाडं, खाणावळ, मनीऑर्डर. उरलं काय?

आता नीट ऐका. मालकानं पगार दिला एकट्या माणसाचा. त्या माणसाला लहानाचा मोठा केला गावानं. आजारी पडला, सांभाळला गावानं. हात थकले, पोसला गावानं. १९२८ चा संप सहा महिने चालला, तेव्हा कितीक जण गावच्या भाकरीवर तगले. शेतात राबणाऱ्या आपल्या आयाबायांचा हा खर्च मालकाच्या वहीत कधी चढला का? नाही!

मग पगार वाढला कशानं? शहरात आल्यानं नाही, एकजुटीनं. लढता लढता १९४७ साली औद्योगिक कोर्टानं २६ दिवसांना कमीत कमी ३० रुपये मूळ पगार ठरवला, वर महागाई भत्ता निराळा.

लोक विचारीत, गिरणी कामगाराला भाषेचं राज्य कशाला हवं? अहो, त्याचा एक पाय मुंबईत, दुसरा गावात! मुंबई तोडणं म्हणजे पगार आणि चूल यांच्यामध्ये हद्द घालणं. म्हणून २१ नोव्हेंबर १९५५ रोजी कामगार फ्लोरा फाउंटनवर गेला, गोळ्यांना भ्याला नाही. १ मे १९६० ला मुंबईसह राज्य आलं. पण १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर हजारो कामगार देशोधडीला लागले, गिरण्यांच्या जागी टॉवर आले. राज्य मिळालं, हिशेब मिटला नाही!

म्हणून सांगतो. शहरात निघालेल्या पोराला पगार किती ते विचारू नका. महिन्यात काम किती दिवस, भाडं किती, खाणं किती, घरी पाठवायला उरणार किती, हे विचारा. पगाराची चिठ्ठी आपल्या भाषेत मागा, वाचा, जपून ठेवा. आणि पहिल्या पगारातून युनियनची वर्गणी भरा.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!