पुस्तकी सल्ल्याचे मोल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



"गुरुजी, यंदा कोणत्या विषयावर बोलणार?" असे मंडळाच्या चिटणीसांनी विचारले, तेव्हा मी सांगितलेला विषय ऐकून ते किंचित हसले. त्या हसण्याचे मर्म मी ओळखले. ते माझे विद्यार्थी. सातवीत असताना त्यांच्या दप्तरातून मी एक 'गाइड' काढून घेतले होते, ते ते अद्याप विसरलेले नाहीत. ज्याने सारी नोकरी मुलांच्या हातची गाइडे जप्त करण्यात घालविली, त्यानेच "मार्गदर्शक पुस्तके पैसे देऊन घ्यावीत काय?" या प्रश्नावर बोलावयास उभे राहावे, हा दैवाचा एक विनोदच म्हणावयाचा! परंतु गाइडावर माझा राग होता तो ते मार्ग दाखविते म्हणून नव्हे, तर मुलाऐवजी स्वतःच चालू लागते म्हणून. हा भेद ध्यानात ठेवला, म्हणजे आजचा विषय बराचसा सोपा होईल.

या पुस्तकांचे दोन वर्ग आहेत. कोणती वस्तू घ्यावी हे सांगणारी, ती खरेदीची पुस्तके. आणि एखादे काम कसे करावे हे सांगणारी, ती कृतीची पुस्तके. दोहोंचा स्वभाव अगदी निराळा आहे. पहिल्या प्रकारचे ज्ञान भाजीसारखे असते, ते लवकर शिळे होते. दुसऱ्या प्रकारचे ज्ञान लोणच्यासारखे असते, ते मुरते. यास्तव दोहोंना एकच न्याय लावून चालणार नाही.

प्रथम खरेदीच्या पुस्तकांचा विचार करू. आणि त्यासाठी माझ्याच फजितीची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एक गोड बोलणारा विक्रेता आमच्या घरी आला. त्याने दोन पेल्यांत पाणी घेऊन काही प्रयोग दाखविला. एका पेल्यातील पाणी काळेनिळे झाले आणि आमच्या घरातील मंडळींचे चेहरेही तसेच झाले. त्याच दिवशी सोळा हजार रुपयांचे आर.ओ. पद्धतीचे जलशुद्धियंत्र आमच्या भिंतीवर चढले. पुढे दरसाल साडेतीन हजार रुपये त्याच्या देखभालीचे. पहिले वर्ष सोडले तरी पाच वर्षांत एकूण तीस हजार रुपये झाले. मग एके दिवशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याने लेखणीएवढे एक उपकरण नळाच्या पाण्यात बुडविले आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला एकशेदहा मिलिग्रॅम आहेत. भारतीय मानकाप्रमाणे पाचशेपर्यंत चालतात. जे काढण्यासाठी हे यंत्र आहे, ते तुमच्या पाण्यात मुळी फारसे नाहीच." शिवाय हे यंत्र शुद्ध पाण्याबरोबर बरेचसे पाणी मोरीत सोडून देते, हेही मला तेव्हा कळले. पाण्यात जंतूंची शंका असेल, तर ते उकळणे पुरे. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी खारे असेल, तर मात्र हे यंत्र उपयोगी. तेथे त्याची निंदा करण्याचे कारण नाही.

सांगावयाचे ते हे, की जे मला तीस हजार रुपये खर्चून कळले, ते ग्राहकविषयक एखाद्या मासिकातील दोन पानांत वाचावयास मिळाले असते. त्या मासिकाची वर्षाची वर्गणी मला महाग वाटली असती आणि ते यंत्र वाटले नाही! आपण सल्ल्यासाठी पैसे मोजावयास कचरतो. परंतु फुकट मिळालेल्या सल्ल्याची किंमत वस्तूच्या किमतीत घालून निमूटपणे देतो.

मग कोणत्या सल्ल्यावर विश्वास ठेवावा? माझे उत्तर असे, की सल्ला देणाराचे पोट कशावर चालते ते पाहावे. अमेरिकेत १९३६ साली ग्राहकांची एक संस्था निघाली. तिचे 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे मासिक जाहिराती घेत नाही. आणि वस्तूंची परीक्षा करावयाची, तर कारखानदाराकडून फुकट नमुना न मागता सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे दुकानातून ती विकत आणली जाते. इंग्लंडातील 'विच?' हे नियतकालिक १९५७ सालचे, त्याच पठडीतले. आपल्या देशात अहमदाबादच्या 'कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर'ने (१९७८) आणि दिल्लीच्या 'व्हॉइस' या संस्थेने वस्तूंच्या तुलनात्मक परीक्षा करून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर एक पाऊल पुढे टाकले. शेजारीपाजारी मिळून संघ करावेत, माल पारखून एकत्र खरेदी करावा आणि आपसांत वाटून घ्यावा, अशी तिची रीत. अशा ठिकाणचा सल्ला विकत घेण्याजोगा असतो, कारण त्याचा खर्च आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनी उचललेला असतो.

तथापि मघाशी म्हटल्याप्रमाणे हे ज्ञान शिळे होते. दोन वर्षांपूर्वीच्या शीतकपाटांची तुलना आज वाचून काय लाभ? ती प्रतिरूपे बाजारातून गेलेलीही असतील. म्हणून अशी पुस्तके घराघराने विकत घेऊन कपाटात साठविण्याची नव्हेत. ती वाचनालयातून आणून वाचावीत.

पुष्कळ माहिती तर वस्तूवरच छापलेली असते आणि तिला एक पैसाही पडत नाही. विजेच्या बचतीचे तारे दर्शविणारी चिठ्ठी २००६ सालापासून प्रचारात आली. आपण तारे मोजतो आणि खालचा आकडा वाचीत नाही. समजा, एक शीतकपाट वर्षाला २५० युनिटे वीज घेते आणि दुसरे १९०. फरक ६० युनिटांचा. आठ रुपये दराने वर्षाला ४८० रुपये वाचतील. दुसऱ्याची किंमत चार हजारांनी अधिक असेल, तर तो अधिक खर्च भरून निघावयास आठ वर्षे चार महिने लागतील. आता घ्यावे की न घ्यावे, हे ज्याने त्याने ठरवावे. पण गणित मांडल्याशिवाय ठरवू नये. लग्नसराईत आपण सोने घेतो. त्यावरील हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांची खूण असते, ती 'बी.आय.एस. केअर' या मोबाइलवरील साधनात घालून पडताळता येते. तक्रार असेल, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्र आहे. हे सारे विनामूल्य. ज्या पुस्तकात याहून अधिक काही नाही, त्यास पैसे देण्याचे कारण नाही.

आता कृतीच्या पुस्तकांकडे वळू. ही परंपरा आपल्या भाषेत जुनी आहे. श्रीसमर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे काढावे, कागदाभोवती जागा कशी सोडावी, हे तेथे सांगितले आहे. आणि ती जागा का सोडावी, तर कागदाची कड झडली तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून, हेही सांगितले आहे. कृतीच्या उत्तम पुस्तकाची पहिली खूण हीच. ते 'कसे' सांगताना 'का' तेही सांगते.

दुसरी खूण प्रमाणाची. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली निघाले आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली. 'रुचिरा' घरोघर पोचली त्याचे एक कारण असे, की तिच्यातील माप घरातल्याच वाटीचे आणि चमच्याचे. "अंदाजाने घालावे" असे ज्यास अंदाज नाही त्यास सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास "तरंगत राहावे" असे सांगण्यासारखे आहे. आमच्या घरच्या 'रुचिरे'ची पाने हळदीने पिवळी झाली आहेत आणि समासात सौभाग्यवतीच्या अक्षरात "मीठ कमी", "पाणी अर्धी वाटी जास्त" असे शेरे आहेत. ज्या पुस्तकावर असे डाग पडतात, त्याचे पैसे फिटले असे खुशाल समजावे. जे कोरे राहिले, ते फुकट मिळाले असले तरी महागच पडले.

तिसरी खूण अशी, की चांगले पुस्तक आपली मर्यादा सांगते. कोठे चुकण्याचा संभव आहे, चुकल्यास काय करावे आणि कोणत्या कामी जाणकारासच बोलवावे, हे ते लपवीत नाही. पुस्तक वाचून घरातील विजेच्या तारांना हात घालू नये, तद्वत् पुस्तक वाचून औषधोपचारही करू नये.

ही तिसरी खूण जेथे नसते, तेथे काय होते, याचे एक उदाहरण जड अंतःकरणाने सांगतो. आपल्याच ज्ञातीतील एक तरुण, माझा विद्यार्थी. त्याने घरबसल्या उद्योग करण्याविषयीची एक पुस्तिका तीनशे रुपयांस घेतली. चाळीस पाने यंत्राच्या वर्णनाची होती. तयार माल विकावा कोठे, याविषयी अर्धेच पान. त्या अर्ध्या पानावर आश्वासन असे, की यंत्र घेणाराचा सर्व माल यंत्र विकणारेच परत विकत घेतील. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून एक लाख साठ हजार रुपयांचे यंत्र आले. दोन वेळा माल घेतला गेला, तिसऱ्या वेळी "दर्जा नाही" म्हणून परत आला आणि चौथ्या वेळी कचेरीला कुलूप होते. तो मुलगा माझ्याकडे आला, खाली मान घालून बसला आणि एवढेच म्हणाला, "गुरुजी, पुस्तकात छापले होते."

बंधुभगिनींनो, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. छापील अक्षरावर विश्वास ठेवावयास त्याला कोणी शिकविले? मी शिकविले! धडा वाच, त्यात उत्तर आहे, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. धडा कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, त्यात काय सांगावयाचे गाळले आहे, हे विचारावयास मी शिकविले नाही. ती उणीव भरून काढावी, म्हणून आज आपणांसमोर उभा आहे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आता पुस्तके हवीत कशाला? मोबाइलवर सारे फुकट दिसते." दिसते खरे, आणि पाककृती किंवा शिवणकाम पाहून शिकण्यास त्याचा उपयोग मोठा आहे, हे मी मान्य करतो. हात कसा वळतो, हे छापील पानापेक्षा चलच्चित्रात चांगले कळते. परंतु खरेदीच्या बाबतीत जपावे. वस्तूची वाखाणणी करणारा पुष्कळदा त्याच वस्तूच्या विक्रीवर दलाली घेत असतो. आमच्या घरी आलेला तो विक्रेता दारातून आला होता; हा खिशातून येतो, एवढाच फरक.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. मी ही वस्तू घेतली तर सल्ला देणारास काय मिळेल? हे ज्ञान मला एकदाच लागणार, की वारंवार? आणि ही कृती मी आठ दिवसांच्या आत स्वतःच्या हातांनी करून पाहणार आहे काय? पहिल्याचे उत्तर "काहीतरी मिळेल" असे असेल, तर सावध व्हावे. ज्ञान एकदाच लागणारे असेल, तर पुस्तक उसने आणावे. वारंवार लागणारे असेल, तर विकत घ्यावे. आणि तिसऱ्या प्रश्नाला "पाहू पुढे" असे उत्तर आले, तर पैसे खिशातच ठेवावेत.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या वाचनालयात एक फळी या कामासाठी राखावी. ग्राहकविषयक एखादे मासिक मंडळाच्या खर्चाने घ्यावे, म्हणजे एका वर्गणीत सर्व कुटुंबांचे काम होईल. त्या फळीवर एक कोरी वहीही ठेवावी. ज्याने मोठी वस्तू घेतली असेल, त्याने वर्षभर वापरून झाल्यावर तीत चार ओळी लिहाव्यात: काय घेतले, काय पडले, काय बिघडले. घरोघरच्या फजित्या अशा एका जागी आल्या, तर त्यांचे शहाणपण होईल. त्या वहीच्या पहिल्या पानावर जलशुद्धियंत्राची हकीकत मी स्वतः लिहून देतो. दुसऱ्या पानावर आपली हकीकत लिहिण्याचे त्या तरुणाने कबूल केले आहे. हे धैर्य त्याने दाखविले, याचा मला त्याच्या साऱ्या परीक्षांतील गुणांपेक्षा अधिक अभिमान वाटतो.