आगीवर चालणारा गारवा

श्रोतेहो, फ्रिज म्हटलं की आपल्या कानांना एक आवाज आठवतो. रात्री सगळं निजानीज झालं की स्वयंपाकघरातून येणारी ती घरघर. मध्येच थांबणारी, पुन्हा सुरू होणारी. हा आवाज कॉम्प्रेसरचा. तो बंद पडला की फ्रिज बंद पडला, हे आपल्याला सवयीनं कळतं. पण जगात असेही फ्रिज आहेत, ज्यांना आवाजच नाही. त्यांच्यात कॉम्प्रेसर नाही, पंखा नाही, फिरणारा एकही भाग नाही. त्यांच्या पाठीमागे एक छोटी निळी ज्योत जळत असते आणि त्या ज्योतीच्या जोरावर पुढच्या कप्प्यात बर्फ होतो. आगीतून बर्फ! मी कविता लिहिणारा माणूस. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला. यंत्राशी माझं नातं सायकलच्या पंक्चरपुरतं. पण हा प्रकार पाहिला आणि एखाद्या कवीलाही सुचणार नाही अशी ही कल्पना कुणा इंजिनियरला सुचली, याचा मला हेवा वाटला.

हा फ्रिज मी पाहिला तो अमेरिकेत, माझ्या भाच्याच्या मोटारहोममध्ये. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. बसएवढी गाडी, तिच्यात पलंग, शेगडी, मोरी, संडास आणि फ्रिज. तिकडे निवृत्त झालेली जोडपी अशा गाड्या घेऊन महिनोन् महिने फिरतात. भाच्यानं एक जुनी गाडी विकत घेतली होती. २०१९ च्या मे महिन्यात मी आणि माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, त्याच्याकडे फिनिक्सला गेलो होतो. आम्ही तिला आपा म्हणतो. आपाला मधुमेह आहे, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. दोन महिन्यांच्या मुक्कामाला पुरतील एवढी पेनं तिनं मिरजेहून नीट बांधून आणली होती. गाडीतून दोन आठवडे फिरायचं ठरलं, तेव्हा ती सगळी त्या फ्रिजमध्ये गेली.

फिनिक्सच्या वाळवंटातून निघून आम्ही उत्तरेला फ्लॅगस्टाफला पोहोचलो. जवळजवळ सात हजार फूट उंचीवरचं, पाइनच्या जंगलातलं गाव. संध्याकाळी गाडी तळावर लावली आणि भाच्यानं फ्रिज उघडला. आतला थर्मामीटर १४ अंश सेल्सियस दाखवत होता. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांमध्ये ठेवायचं असतं. आपा काही बोलली नाही. तिनं फक्त पेनं बाहेर काढून मोजली.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी हा फ्रिज चालतो कसा, ते सांगितलं पाहिजे. नाहीतर बिघाडाची गोष्ट कळायची नाही.

आपल्या घरातला माठ आठवा. माठातलं पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगाला येतं आणि त्याची वाफ होऊन जाते. वाफ होताना ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून माठातलं पाणी गार. या फ्रिजमध्येही हेच होतं. फरक एवढाच, की इथे पाण्याऐवजी अमोनिया आहे आणि उडून गेलेला अमोनिया पुन्हा पकडून आणायची सोय आहे. फ्रिजच्या पाठीमागे नळ्यांचं एक बंद जाळं असतं. त्यात पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेले असतात. खाली एक बारीक नळकांडं, त्याला ज्योतीची किंवा विजेच्या कांडीची आच. आच लागली की पाण्यात मुरलेला अमोनिया वायू होऊन वर चढतो. वरच्या नळ्यांना पत्र्याच्या पट्ट्या असतात. तिथे तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि द्रव होतो. मग ओघळत थंड कप्प्यामागच्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन असतो. त्याच्या संगतीत अमोनियाची अगदी कमी तापमानाला वाफ होते आणि ती वाफ कप्प्यातली उष्णता ओढून घेते. पुढे खाली उतरल्यावर पाणी अमोनियाला पुन्हा पिऊन टाकतं, हलका हायड्रोजन वर परततो आणि चक्र पूर्ण होतं.

ही युक्ती स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांची. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स. साल १९२२. तीनच वर्षांनी इलेक्ट्रोलक्स कंपनीनं तो शोध विकत घेतला. पुढे जिथे वीज नव्हती तिथे याच जातीचे फ्रिज रॉकेलच्या दिव्यावर चालवून त्यांत लसी ठेवल्या गेल्या. हॉटेलच्या खोलीतला न वाजणारा छोटा फ्रिजही बहुधा याच कुळातला.

तर श्रोतेहो, या यंत्रात पंप नाही. वर चढवतो तो विस्तव आणि खाली आणतो तो उतार. म्हणून या फ्रिजच्या मागण्या चार: पुरेशी आच, सपाट जागा, पाठीमागे खेळती हवा आणि नीट बंद होणारं दार. यातली एकही कमी पडली की तो रुसतो. शिवाय तो मुळातच संथ. कोरा फ्रिज गार व्हायला अख्खी रात्र लागते. तेव्हा तासाभरात दार उघडून 'अजून गार नाही' म्हणण्यात अर्थ नसतो.

तळावर आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. जन्मभर ट्रक चालवून आता अशाच गाडीतून फिरणारे. भाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीच्या मागे उभा राहिलेला दिसला, तसे ते आले. त्यांनी हत्याराला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. गाडी वाटेत कुठे तिरकी उभी होती का? फ्रिज गॅसवर होता की विजेवर? आत किती सामान कोंबलंय? मला आमच्या गावचे जुने हकीम आठवले. ते नाडी बघायच्या आधी रोगी काल काय जेवला ते विचारायचे.

पहिली तपासणी सपाटीची. फ्रिजच्या तळाशी गवंड्याकडे असते तशी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. गाडी चालू असताना हिंदकळण्यामुळे आतला द्रव हलता राहतो, थोड्या चढउतारानं बिघडत नाही. पण गाडी तिरकी उभी करून फ्रिज तासन् तास चालू ठेवला, तर द्रव एका जागी साचतो, वरची नळी कोरडी तापते आणि कायमची खराब होऊ शकते. आमचं तसं नव्हतं.

दुसरी तपासणी दाराची. एक डॉलरची नोट दारात धरून दार लावलं आणि नोट ओढली. ती चारी बाजूंना अडकून आली, म्हणजे दाराचं रबर ठीक होतं. आतले डबे थोडे विरळ केले, कारण आतली हवाही फिरायला हवी.

तिसरी गोष्ट म्हणजे खरी परीक्षा. फ्रिज गॅसवरून काढून तळावरच्या विजेवर लावला. यामागचं तर्कशास्त्र मला फार आवडलं. विजेवरही गार झाला नाही, तर नळ्यांचं जाळंच गेलं; मग खर्च मोठा. विजेवर गार झाला, तर नळ्या शाबूत आणि दोष आचेत. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून तो आत ठेवला, कारण दार उघडताच हवेचं तापमान बदलतं, पाण्याचं तितकं पटकन बदलत नाही. सकाळी पारा ५ अंशांवर होता. नळ्या जिवंत होत्या.

पण दुपारी तोच पारा ११ वर गेला. बाहेर तर जेमतेम २७ अंश. एवढ्या हवेत असं व्हायचं कारण नव्हतं. म्हणजे बिघाड एक नव्हता, दोन होते आणि ते एकमेकांच्या आड लपले होते.

म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी टपाकडे बोट केलं. या फ्रिजच्या मागे गाडीच्या भिंतीत खाली एक जाळी असते आणि वर टपावर एक. खालून थंड हवा शिरते, नळ्यांची उष्णता घेऊन वरून निघून जाते. चुलीच्या धुराड्यासारखी ओढ लागते. भाचा शिडीनं वर चढला, जाळीवर हात धरला. गरम झोत यायला हवा होता, तो नव्हता. टोपण काढलं तर आत पक्ष्याचं जुनं, रिकामं घरटं. वाळलं गवत, काटक्या, पिसं. आधीच्या मालकाकडे गाडी बरेच महिने उभी असताना कुणी तरी तिथे संसार करून गेलं होतं. घरटं निघालं आणि थोड्या वेळात हाताला ऊन हवा लागू लागली.

राहिला गॅस. गॅसचा कॉक बंद करून, सगळं थंड होऊ देऊन बर्नर काढला. नळीवरून झडलेल्या गंजाचे पापुद्रे त्यावर पडलेले, आणि हवा ओढायच्या भोकाशी कोळ्याचं जाळं. त्यामुळेच ज्योत निळी, टोकदार जळण्याऐवजी पिवळी आणि आळसट जळत होती. ब्रशनं आणि फुंकणीच्या हवेनं साफ केलं. गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात मात्र तार घालू दिली नाही. ते भोक केसभर मोठं झालं तरी ज्योत बिघडते. शिवाय साडेपाच हजार फुटांच्या वर हवा विरळ असते, तिथे गॅसची ज्योत मुळातच अशक्त होते. अशा उंचीवर वीज असेल तर विजेवरच चालवावा, हेही कळलं.

आता आपाच्या इन्सुलिनचं. पहिल्याच संध्याकाळी भाचा पेनं थेट बर्फात पुरायला निघाला होता. आपानं त्याचा हात धरला. "गोठलं की ते पाणी झालं रे बाबा. उन्हापेक्षा बर्फ वाईट." औषधाच्या दुकानात फोन केल्यावर तिथल्या फार्मासिस्टनं तेच सांगितलं. १४ अंशांवर इन्सुलिन लगेच मरत नाही. पण एकदा थंडाव्यातून बाहेर आलं असं धरून, आजची तारीख घालून पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत ते संपवायचं. आपाच्या पेनांची मुदत २८ दिवसांची होती, तीही ३० अंशांच्या आत. म्हणजे दुसऱ्या महिन्याच्या पेनांवर पाणी सोडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेत काही इन्सुलिनच्या एका कुपीची छापील किंमत अडीचशे डॉलरच्या वर होती. मिरजेतून आणलेल्या त्या पेनांचं मोल आपाला तिथे कळलं. ती दिवसभर गप्प होती. आजारी माणसाला औषध संपण्याची भीती असते, तिच्याबद्दल आपण निरोगी माणसं फार कमी बोलतो.

दोन दिवसांनी आम्ही डोंगर उतरून वर्दे खोऱ्यात आलो. उंची तीन हजार फूट, ऊन ३६ अंशांचं, हवा कोरडी ठणठणीत. भाच्यानं फ्रिज गॅसवर लावला. आपा म्हणाली, "आधी पाणी ठेवून बघा. माझं औषध उद्या." तिनं पेनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्टीलच्या डब्यात ठेवली, डब्याला ओला पंचा गुंडाळला आणि डबा सावलीत, वाऱ्याला ठेवला. पंचा वाळला की पाणी शिंपडायचं. दुपारी त्या डब्यात थर्मामीटर ठेवला, तर २२ अंश. बाहेर छत्तीस! प्लाटेन आणि मुंटर्स यांची विद्या आपाला तिच्या सासूच्या माठानं शिकवली होती. मात्र ही युक्ती कोरड्या हवेतली. पावसाळ्यात कोकणात ती चालायची नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रिजमधल्या पेल्यातलं पाणी ४ अंशांवर होतं. पारा दिवसभर हलला नव्हता. तेव्हा आपानं पेनं आत ठेवली. पुढे डॉक्टरांना दाखवून दुसऱ्या महिन्याचं नवं इन्सुलिन घेतलं, तेही त्याच फ्रिजमध्ये राहिलं.

जाता जाता धोक्याचं सांगतो. अशा फ्रिजपाशी अमोनियाचा झणझणीत वास आला किंवा पाठीमागे नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. नळी फुटल्याची ती खूण. फ्रिज बंद करावा, गॅस बंद करावा, दारं-खिडक्या उघडून बाहेर पडावं आणि जाणकाराला बोलवावं. आतला हायड्रोजन पेट घेतो. २००६ मध्ये आग लागण्याच्या भीतीनं असे लाखो फ्रिज अमेरिकेत दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले होते. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी ही ज्योत विझवायची, हाही नियम.

आपल्याकडे अशी घरं अजून फार नाहीत. पण इन्सुलिन घरोघरी आहे, आणि वीज जाणंही आहे. म्हणून ज्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये औषध आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं. साधा थर्मामीटर आणा, पेलाभर पाण्यात बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी वाचा. बर्फाच्या कप्प्याला चिकटून औषध ठेवू नका. प्रवासाला निघताना सगळा साठा एका ठिकाणी ठेवू नका. आणि फ्रिज बिघडलाच, तर आधी त्याला चार प्रश्न विचारा. पेचकस नंतर.