भुवयांची कैफियत



निवास-भोजनाचा बंदोबस्त स्वागताध्यक्षाने पाहावा आणि विद्वत्तेचा भार अध्यक्षांनी वाहावा, हा आपल्या परिषदांचा जुना रिवाज मला मान्य असला, तरी ज्या पुण्यात इरावतीबाई कर्व्यांनी डेक्कन कॉलेजात मानवशास्त्राची परंपरा रुजविली, त्या नगरीतर्फे आपले स्वागत करताना मानवी मुखाविषयी थोडे बोलण्याचा मोह मला आवरत नाही.

1921 साली, ज्या प्रदेशाला आज झांबिया म्हणतात तेथील काब्वेच्या खाणीत, एक प्राचीन कवटी सापडली. तिच्या डोळ्यांच्या खोबणींवर अस्थीचा जो जाडजूड कंगोरा आहे, तो चर्वणाचा ताण पेलण्यासाठी असावा, असे एक जुने मत होते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गणकयंत्रावर या कवटीची प्रतिकृती रचून, कंगोरा उतरवून, दाढांवर जोर देऊन पाहिला, तेव्हा त्याच्यावाचून कवटीचे फारसे अडत नाही असे दिसले. मग तो दरारा बसविण्यासाठी असावा, आणि तो ओसरून कपाळ सपाट व उभे झाल्यावर, ज्यांची सात कर्मे नाट्यशास्त्राने स्वतंत्रपणे वर्णिली त्या भुवयांना मोकळीक मिळून संशय, अनुकंपा, ओळख अशा सूक्ष्म भावांची देवघेव सुलभ झाली असावी, असा तर्क संशोधकांनी मांडला. यांपैकी चर्वणाविषयीच्या पहिल्या भागास पुरावा आहे; दरारा व भुवयांविषयीचा दुसरा कितीही मनोहर असला तरी अनुमानच आहे, आणि त्यावर फैसला देण्याची घाई कोणी करू नये. नजरेचा रोख सोबत्यांना कळावा म्हणून मानवी डोळ्याचा पांढरा भाग उघडा पडला, हे प्रतिपादनही, काही चिंपांझींच्या डोळ्यांत तसाच पांढरेपणा आढळल्यापासून, पूर्वीइतके निःशंक राहिलेले नाही.

हा सावधपणा मला इरावतीबाईंच्या उदाहरणामुळे अधिकच मोलाचा वाटतो. कारण बर्लिनमध्ये कवट्यांची मोजमापे घेताना, त्यांच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशश्रेष्ठत्वाशी संबंध जोडू पाहणाऱ्या खुद्द मार्गदर्शकाच्याच गृहीतकाला आधार मिळत नाही, हे त्यांनी प्रबंधात भीड न बाळगता नमूद केले.

व्यवस्थेत काही न्यून राहिल्यास आपण सौजन्याने ते बोलून दाखविणार नाही, हे मी जाणतो. परंतु आपल्या भुवयांची तक्रार दाखल करून घेण्याची ताकीद स्वयंसेवकांना दिलेली आहे. अध्यक्षमहाराजांनी आसन स्वीकारून कामकाजास प्रारंभ करावा, अशी विनंती करतो.