निवृत्तिवेतनाच्या कागदातून पूर्वजाचा शोध



आपल्या घराण्यातील कोणी पूर्वज पलटणीत होता, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. कोणत्या पलटणीत, कोणत्या रणभूमीवर, असे विचारले की बोलणे खुंटते. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते परतले नाहीत. 'बसऱ्याकडे गेले', एवढीच आठवण घरात उरली होती. त्यांचा माग लागला तो पणजीच्या पेन्शनच्या कागदामुळे.

पूर्वी हे वेतन तालुक्याच्या खजिन्यातून मिळे. तिऱ्हाइताने रक्कम उचलू नये म्हणून कागदावर ओळखीचा सारा तपशील असे: पलटण, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, वडिलांचे नाव, गाव, तालुका, शिवाय पेन्शनदाराच्या अंगावरील खुणा आणि अंगठ्याचा ठसा. पणजीच्या हनुवटीवर गोंदण होते, हे मला कारकुनाने लिहिलेल्या त्या ओळीवरून कळले. तिचे छायाचित्र आमच्याकडे नाही.

कागदावर नाव होते ११७ व्या मराठा पलटणीचे. आजच्या सैन्यात हा क्रमांक शोधू गेल्यास सापडत नाही, आणि येथेच बहुतेकांचा शोध थांबतो. १९२२च्या पुनर्रचनेत जुने क्रमांक गेले. १०३वी, १०५वी, ११०वी, ११६वी आणि ११७वी या पलटणी अनुक्रमे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे, ते याच परंपरेतले.

त्यांपैकी १०३वी, ११०वी आणि ११७वी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून सुमारे पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याने शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातील पायपीट आणि बंदिवास यांत असंख्य शिपाई दगावले. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. परंतु तेथे गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच तेवढी! माझे पणजोबा त्या शिलेवर एका आकड्यात आहेत. नावानिशी आहेत ते पणजीच्या अंगठ्याशेजारी.

शोध घेणाऱ्यांस दोन गोष्टी सांगतो. इंग्रजी लेखनिकांनी नावे कानाला आली तशी लिहिली, आडनावे कित्येकदा गाळली. म्हणून वडिलांचे नाव आणि गाव ताडून पाहावे. एका गावात एकाच नावाचे दोन-तीन शिपाई असणे मुळीच दुर्मीळ नव्हते. आणि घरात असा कागद असेल तर त्याची घडी पुन:पुन्हा उलगडू नये. कागद घडीवरच प्रथम फाटतो, आणि आमच्या कागदाचा शिपाई क्रमांकाचा शेवटचा अंक नेमका त्या घडीत गेला आहे.