कागदावरची मुंबई आणि नळामागचं गाव
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमचं किन्हवली हे शहापूर तालुक्यातलं, मुरबाडच्या बाजूचं बाजाराचं गाव. एसटीनं आसनगाव गाठायचं आणि लोकल पकडायची, की आलीच मुंबई. पण आमच्या पिढीनं मुंबई पाहण्याआधी वाचली, आणि ती मनीऑर्डरच्या फॉर्मवर. त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळींपुरती जागा असे. मी खुशाल आहे, काळजी नसावी, पैसे मिळाल्याचं कळवावं. आमचे मामू मदनपुऱ्यातून पाठवोत की शेजारचे काका लालबागेतून, मजकूर तोच. त्या मुंबईत कुणी आजारी पडत नसे, कुणाचा खाडा होत नसे. पुढे पुस्तकं हाती आली तेव्हा कळलं, की लिहिणारा जिथे उभा असतो तिथूनच त्याला शहर दिसतं, आणि तो ज्याला लिहितो त्याला झेपेल तेवढंच तो सांगतो.

मराठीत मुंबईवरचं पहिलं सविस्तर पुस्तक म्हणजे गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन'. साल १८६३. अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं, तिकडचा कापूस बंद झालेला, त्यामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुरू होऊन दहा वर्षं झाली होती, विहारचं पाणी येऊन तीन. अशा भरभराटीत माडगावकर रस्ते, बाजार, देवळं, नाना जातींचे लोक आणि त्यांचे पेहराव हौसेनं टिपून ठेवतात. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, भाव कोसळले आणि भलेभले धुळीला मिळाले. पुस्तक त्याआधीचं, म्हणून त्यातला आनंद निखळ आहे.

त्याच्या शेजारी सरकारी गॅझेटियर ठेवा. एस. एम. एडवर्ड्स यांनी तयार केलेलं मुंबई शहराचं गॅझेटियर १९०९-१० मध्ये तीन खंडांत निघालं. लोक म्हणतात, गॅझेटियर रुक्ष असतं. मला ते आवडतं. कारकुनी नजरेचा एक फायदा असतो, ती विचारते, हे आलं कुठून आणि किती? म्हणूनच शहराचं पाणी कुठून येतं, हे तिथे नीट सापडतं. विहार १८६०, तुळशी १८७९ आणि १८९२ मध्ये आमच्या शहापूर तालुक्यातलं तानसा. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ चं, म्हणजे तानसाच्या दहा वर्षं आधीचं. ही दोन गॅझेटियर शेजारी ठेवली, की मधल्या काळात आमचा तालुका शहराला कसा जोडला गेला ते दिसतं.

आता गाण्यांकडे वळतो. पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली. गावाहून फड घेऊन आलेल्या कलावंताची ती मुंबई. डोळे दिपलेले, झगमगाट, मौज. अण्णा भाऊ साठे याच शहरात वाटेगावहून आईवडिलांबरोबर पायी चालत आले होते. त्यांनीही मुंबईची लावणी लिहिली, पण त्यांच्या लावणीत मलबार हिल आणि परळ समोरासमोर उभे आहेत. साज तोच, बघणारा निराळा. त्यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत तर मुंबई जवळजवळ पाठीमागेच आहे. पुढे आहे ती गावी राहिलेली बायको, आणि बघता बघता ती मैना महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख होते. मनीऑर्डरच्या दोन ओळींत जे मावत नव्हतं ते या गाण्यानं सांगितलं, असं मला वाटतं.

अण्णा भाऊंच्या बरोबरीनं लाल बावटा कलापथकात गवाणकर होते आणि शाहीर अमर शेख होते. अमर शेख मूळचे बार्शीचे, खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरायची. मला नेहमी कुणीतरी कौतुकानं विचारतं, तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता? मी अमर शेखांचं नाव सांगतो आणि चहा मागवतो.

त्याच सुमारास, १९५६ मध्ये, 'सीआयडी' सिनेमात मजरूह सुलतानपुरींचं मुंबईवरचं गाणं आलं. ते अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यात रफी तक्रार करतो आणि शेवटी गीता दत्त त्याला उलट उत्तर देते. हे शेवटचं कडवं लोक विसरतात.

पुढे कामगारांच्या मुंबईला नारायण सुर्वे मिळाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ मधलं. दहा वर्षांनी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. मराठी वाचकाला आपल्याच भाषेतल्या शहरात शिरायला वाटाड्या लागला. पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. हसता हसता संपते आणि मग घसा दाटतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर घरांचं काय झालं ते जयंत पवारांनी 'अधांतर' नाटकात एका खोलीत दाखवलं. संपावरचे अहवाल मी थोडेफार वाचले आहेत. त्यांत माणसं हजारांनी असतात, 'अधांतर'मध्ये ती एकाच घरात जेवायला बसतात.

हे सगळं साहित्य मला प्रिय आहे. पण माझ्या वाचनात आलेल्या कथाकवितांत पाणी नळातून येतं. नळावर रांग असते, भांडण असतं, हंडे असतात. नळाच्या मागे कुणी जात नाही.

नळाच्या मागे जाणारा मजकूर एकच, आणि तो दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतो. सात तलावांचा तक्ता. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सातांची मिळून क्षमता साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. तानसा आणि भातसा दोन्ही आमच्या तालुक्यात. जुलैमध्ये 'तानसा भरून वाहू लागला' अशी बातमी फोटोसह छापून येते. मुंबईकराला हायसं वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण उन्हाळ्यात याच शहापूर तालुक्यातल्या गावपाड्यांवर टँकर येतो. बाया रिकामे हंडे मांडून त्याची वाट बघतात. ती बातमीही छापून येते, नाही असं नाही. फक्त ती जिल्ह्याच्या पानावर असते आणि तक्ता शहराच्या पानावर. या दोन बातम्या एका पानावर मी क्वचितच पाहिल्या.

आमच्या बायकांच्या तोंडच्या ओव्यांत मुंबई येते ती नवऱ्याला, भावाला घेऊन जाणारी म्हणून. आता तीच मुंबई नदीही मागायला येते. शेजारच्या मुरबाड तालुक्यात काळू नदीवर महानगर परिसराच्या पाण्यासाठी धरण बांधायला २०११ मध्ये सुरुवात झाली. वनजमिनीची परवानगी नव्हती. आदिवासी गावांनी विरोध केला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये काम थांबलं. धरणाची चर्चा त्यानंतरही संपलेली नाही. ग्रामसभांचे ठराव, हरकतीचे अर्ज, अंगठ्यांचे ठसे असलेले कागद हेही मुंबईविषयीचंच लेखन आहे. त्यात मरीन ड्राइव्ह नाही, चाळ नाही, गिरणीचा भोंगा नाही. धरण झालं तर कुठलं घर आणि कुठलं शेत पाण्याखाली जाईल, एवढाच त्यातला प्रश्न. मुंबईवरच्या साहित्याचा संग्रह कुणी पुन्हा करायला घेतला, तर त्यांनी हे कागदही एकदा मुरबाडला येऊन चाळावेत. राहायची सोय किन्हवलीत आमच्याकडे होईल.