शाळेतला टॅब कपाटात का?

आम्ही बचत गटांचं काम बघतो, पण हल्ली मासिक बैठकीत हप्त्याच्या आधी मुलांचाच विषय निघतो. एक म्हणते, पोरगं घरी मोबाइल सोडत नाही. दुसरी म्हणते, शाळेत टीव्ही आलाय, तिथंही पोरं नुसती बघतच बसतात.

दोघींचं खरं आहे. पहिली-दुसरीतलं मूल नुसतं बघून शिकत नाही. वजाबाकीचा व्हिडिओ दहा मिनिटं चालला आणि पाटीवर एकही गणित उतरलं नाही, तर ती करमणूक झाली. ज्या बाई दोन मिनिटं दाखवून थांबवतात, चिंचोके मांडायला लावतात, 'आता किती उरले?' विचारतात आणि मग पुढं चालू करतात, त्यांच्या वर्गात तोच व्हिडिओ कामाला येतो.

त्यासाठी महागडं यंत्र लागतंच असंही नाही. बालभारतीच्या पुस्तकात ठिपक्या-ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो, तो क्यूआर कोड. दीक्षा ॲपमधून तो स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. पाठ्यपुस्तकाला असे कोड जोडायचं काम सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केलं, पुढं ते राज्याच्या पुस्तकांत आलं. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

पण आज आम्हाला बोलायचंय ते मागं बसवलेल्या मुलांबद्दल.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी तिसरीत आहे. तिला अंधुक दिसतं. फळ्यावरचं दिसत नसे, म्हणून ती शेजारणीच्या वहीत बघून लिहायची, आणि सगळे म्हणायचे, पोरगी ढ आहे. नवीन बाई आल्या. त्यांनी फळ्याचा फोटो काढून फोन तिच्या हातात दिला आणि दोन बोटांनी अक्षर मोठं कसं करायचं ते दाखवलं. तिनं सगळा फळा उतरवून काढला, तोही इतरांच्या आधी! ढ कोण होतं, तुम्हीच सांगा. यात कसलं ॲप नाही, खर्च नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून जागा असते, तिथं सगळा पडदाच मोठा दिसण्याची सोयही असते.

ज्याला अजिबात दिसत नाही, त्याच्यासाठी अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आहे. बोट ठेवाल ते वाचून दाखवतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. आवाज मराठीचा निवडायला विसरू नका, नाहीतर आपलं मराठी तो भलत्याच हेलात वाचतो. पण टॉकबॅक आला म्हणून ब्रेल सोडू देऊ नका. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळजवळ सारखेच, वेलांटी पहिली की दुसरी ते बोटांनाच कळतं.

कमी ऐकू येणाऱ्या मुलासाठी लाइव्ह ट्रान्सक्राइब आहे. बाई बोलतात ते मराठीत अक्षरांत उमटतं. पाचवीतल्या मुलाला त्याचा उपयोग होईल. पहिलीतल्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलाला काय कामाचं? त्याला चित्रं हवीत, खुणा हव्यात, आणि बाईंचं तोंड त्याच्याकडे हवं. फळ्याकडे तोंड करून शिकवलं तर त्याला ओठही दिसत नाहीत. बोलता न येणाऱ्या मुलासाठी तर पाण्याचा तांब्या, शौचालय, डबा, पोट दुखणारं मूल असे चार फोटो पुरतात. बोट ठेवलं की बाईंना कळतं. ते फोटो आईनंच घरी काढून द्यावेत, आपला तांब्या मुलाला लगेच ओळखू येतो.

आता अडतं कुठं? एका गावात टॅब कपाटात कुलपात आहेत, कारण 'पोरं फोडतील.' एका ठिकाणी असं मूल घरीच ठेवलंय, कारण 'त्याला शाळेत काय कळणार.' मैत्रिणींनो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, जवळच्या शाळेत किंवा पालकांना वाटलं तर विशेष शाळेत. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, समितीत निम्म्या बाया असायला लागतात. निम्म्या! आपण सही करून परत येतो, बोलत नाही.

पुढच्या समितीच्या बैठकीला जाताना त्या मुलाच्या आईला सोबत घ्या. कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. समग्र शिक्षेचे विशेष शिक्षक आपल्या शाळेत कोणत्या दिवशी येतात तेही विचारा, आणि इतिवृत्तात लिहून घ्या. टॅब फुटलाच तर काय करायचं, तेही त्याच बैठकीत ठरवून टाका.

पुढच्या वेळी गटाच्या विम्याबद्दल बोलू.