मोबाइल काढून घेतला, मग?

(वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मोबाइलवरच्या खेळांतून होणाऱ्या मुलांच्या शोषणाविषयी बोल, असं तुम्ही सांगितलंत. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली. आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरकामगार बायांनी हप्त्यावर मोबाइल घेतले. पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी ठासून सांगितलं, "पोरं खेळात गुंतली तर सरळ मोबाइल काढून घ्या." सगळ्याजणींनी माना डोलावल्या. आईला टेकून बसलेली एक बारा वर्षांची मुलगी मात्र गप्प होती.

तिच्यामागे तेव्हा एक माणूस लागला होता. ओळख खेळातच झालेली. आपण पंधरा वर्षांचे आहोत, असं तो सांगे. त्याने तिला खेळातले 'हिरे' भेट दिले. ते घ्यायला पैसे पडतात, आणि आईकडे मागायची सोय नव्हती. मग 'तू इतरांसारखी नाहीस'. मग 'इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू'. मग एक फोटो. फोटो गेल्यावर धमकी : आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या भावाला पाठवतो.

आईला कळलं तेव्हा तिने मुलीला मारलं, सगळे मेसेज पुसले. मामा म्हणाला, "शाळा बंद करा, स्थळ बघू." म्हणजे माणूस मोकळा आणि शिक्षा पोरीला! नंतर ती मला म्हणाली, "ताई, तुम्हीच म्हणालात ना मोबाइल काढून घ्या? म्हणून मी सांगितलं नाही."

हे वाक्य मी विसरू शकत नाही.

२०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलग्यांनाही लागू आहे. लैंगिक हेतूने मोबाइलवरून पुन्हापुन्हा गाठणं, फोटोची धमकी देणं हा गुन्हा आहे. 'तिनेच पाठवला' ही सबब चालत नाही. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे ठाण्यात ठणकावून सांगा. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की अशा चित्रांना 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणू नका. ते मुलांचं शोषण आहे. शब्द बदलला की दोष कुणाचा, तेही कळतं.

तेव्हा काही पुसू नका. स्क्रीनचे फोटो काढा, त्या माणसाचं खेळातलं नाव लिहून ठेवा, मग त्याला ब्लॉक करा. पैसे किंवा आणखी फोटो देऊ नका. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी आहे, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते.

त्या मुलीची शाळा आम्ही भांडून चालू ठेवली. तक्रारही केली, पण पुसलेले मेसेज काही हाती लागले नाहीत.

आता बैठकीत मी आयांना एकच वाक्य मुलांशी बोलायला सांगते : "काहीही झालं तरी मला सांग. मी मारणार नाही, शाळा बंद करणार नाही." बोलायला सोपं वाटतं. आज घरी जाऊन बोलून बघा, आणि घरातल्या पुरुषांनाही बोलायला लावा. पोरीला आपली भीती त्या माणसाहून जास्त वाटत असेल, तर तो जिंकलेलाच आहे.